चैतपाव्हण्याला न सांगितलेलं नाव

या, जवळ सरका. गोधडी खांद्यावर घ्या. ज्याचे पाय गार असतील त्यानं मधे यावं, कडेला झोपू नये. हं. झालं? आता ऐका.

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या टोकाला बांबूचं बेट होतं, आणि बेटाच्या सावलीत एका बुरुडाचं घर होतं. बुरूड म्हणजे सुपं, टोपल्या, रोवळ्या विणणारा. घरात माणसं चार. एक म्हातारी. तिचा मुलगा. मुलाची बायको हौसा. आणि हौसाची लेक मैनी, ती अजून भिंतीला धरून चालायची. शिवाय ठमी नावाची शेळी होती, आणि दारात लिंबाचं झाड.

मुलाचं नाव काय म्हणता? सांगतो, घाई काय आहे. ते हौसाच्याच तोंडून ऐकू.

मोठा हसरा माणूस होता तो. बांबूच्या कामट्या सोलता सोलता गाणं म्हणायचा, गाणं विसरला की मधे काहीबाही घालायचा. सूप विणून झालं की ते तोंडापुढं धरून मैनीला भो करायचा. मैनी खिदळायची. हौसा चुलीपाशी बसून ऐकायची आणि भाकरी करपवायची. मग म्हातारी ओरडायची, "अगं, धूर झाला! नवऱ्याकडं बघतीस का तव्याकडं?"

तर त्या गावात वसंत असा आपोआप येत नसे, बरं का. त्याला बोलवावं लागे. गावातले लोक त्याला चैतपाव्हणा म्हणत. आणि हा चैतपाव्हणा आंधळा होता. व्हय, आंधळा. डोक्यावर पाटी घेऊन यायचा. पाटीत सगळी पालवी, सगळी फुलं, सगळे रंग. पण त्याला त्यातलं काही दिसत नसे. तो कानानं यायचा. कुणी नाव घेतलं की तिकडं वळायचा. ज्याचं नाव घेतलं त्याला पाटीतलं मूठभर द्यायचा. ज्याचं नाव घेतलं नाही, त्याच्या शेजारून निघून जायचा. मुद्दाम नव्हे हं. बिचाऱ्याला ठाऊकच नसे की इथं कुणी आहे.

म्हणून घरोघरच्या बाया थोडं चेटूक करायच्या. चेटूक म्हटलं म्हणून गोधडीत शिरू नका. हे घरातलं, साधं चेटूक. फाल्गुन सरत आला आणि कोकिळा पहिल्यांदा ओरडली, की दुसऱ्या दिवशी उजाडताना करायचं.

पहिल्यांदा होळीची राख घ्यायची आणि तिनं उंबरा घासायचा. राख थंडीला ओढून घेते. मग पळसाची फुलं रात्रभर भिजवलेली असायची, ते केशरी पाणी घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडायचं. त्या वासानं पाव्हण्याला वाट सापडते. आणि मग घरच्या बाईनं हळदीत हात बुडवायचा, पंजा उंबऱ्यावर टेकायचा, आणि घरातल्या एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नावं संपेपर्यंत पंजा काही झालं तरी उचलायचा नाही. जिचा पंजा, तिचा वाटा तिला पंजातूनच मिळतो. बाकीच्यांना नावानं मिळतो.

आणि स्वतःचं नाव स्वतः घेऊन चालत नसे. ते पाव्हण्याला ऐकूच येत नसे. नाव आपलं असलं तरी ते राहतं दुसऱ्याच्या तोंडात, नाही का?

हौसाच्या घरी हे काम म्हातारीचं होतं. ती पंजा टेकायची आणि खणखणीत आवाजात नावं घ्यायची. मुलाचं, सुनेचं, मैनीचं, ठमीचं, लिंबाचं. मग अंगात आलं की सूप, झाडू, मुसळ, सगळ्यांची नावं घ्यायची. एका साली मुसळाला पालवी फुटली. हौसा म्हणाली, "आत्याबाई, आता कांडू कशानं?" तर म्हातारी म्हणाली, "कांडू नको. सावलीत बस त्याच्या."

अशी मजेची म्हातारी. पण त्या माघात ती गेली. झोपेत गेली, कुणाला त्रास दिला नाही. जाण्याआधी हौसाला सगळं शिकवून गेली होती. राख कुठली घ्यायची, फुलं किती भिजवायची, सगळं. एकच गोष्ट सांगायची राहिली. तिच्या ध्यानातच आली नाही ती. कारण तिला कधी अडलं नव्हतं. आपल्या पोराचं नाव घ्यायला आईला कसली अडचण?

आता तुम्हाला कळलं का, काय अडचण होती ते?

त्या गावात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. अहो म्हणे, हे म्हणे, मैनीचे बाबा म्हणे. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सगळ्या बाया मानत. आणि हौसा तर सगळ्यांपेक्षा जास्त मानायची. त्याला कारण होतं. ती लहान असताना तिचा बाप ओढ्याच्या पुरात गेला. काठावरून तिच्या आईनं त्याला नावानं हाक मारली होती. बापानं वळून बघितलं, आणि तेवढ्यात त्याचा पाय सुटला. सगळं गाव म्हणालं, नाव घेतलं आणि नवरा घालवला. तेव्हापासून हौसाच्या आईनं कुणाचंच नाव घेतलं नाही. लेकीलाही नुसतं "अगं" म्हणायची.

अशा घरात वाढलेली हौसा. तिच्या तोंडी नवऱ्याचं नाव यायचं कुठून?

मग फाल्गुन सरला. कोकिळा ओरडली. हौसानं राखेनं उंबरा घासला. पळसाचं पाणी शिंपडलं. हळदीचा पंजा टेकून बसली. नवरा मागं मैनीला मांडीवर घेऊन बसला होता.

आणि आला की चैतपाव्हणा! दिसला कुणाला नाही. पण दारात ऊब आली. मोहराचा वास आला. उंबऱ्यावर कुणाचे तरी मऊ हात चाचपडत फिरले, हौसाच्या पंजाला लागले आणि थांबले.

"कोण कोण आहे घरात?" आवाज आला.

"मैनी," हौसा म्हणाली.

"दिलं. पुढं?"

"ठमी शेळी."

"दिलं. पुढं?"

"दारातलं लिंबू."

"दिलं. पुढं?"

हौसा थांबली. तिच्या कानात ओढ्याचं पाणी वाजायला लागलं. मागून नवरा हसून म्हणाला, "सांग की! का माझं मीच सांगू?"

"आणि… हे," हौसा म्हणाली.

"हे कोण?"

"हेच. आमचे हे."

पाव्हण्यानं कान पुढं केला. त्याला वाटलं, बाई दमली असेल. मग त्यानं पाटी उचलली आणि पुढच्या घरी गेला.

हौसानं पंजा उचलला. तिनं मनाची समजूत घातली. पाव्हणा शहाणा आहे, तो समजून घेईल. रोजच्या रोज सगळ्या बाया ‘हे’च म्हणतात, आणि सगळ्यांना कळतंच की.

मग चैत्र उजाडला. लिंबाला फुलं आली. ठमीला दोन करडं झाली. मैनी भिंत सोडून पळायला लागली. आणि हौसाचा नवरा म्हणाला, "जरा गार वाटतंय गं. घोंगडी दे."

हौसानं घोंगडी दिली. वैशाख आला, ऊन आग ओकायला लागलं, तरी त्यानं घोंगडी सोडली नाही. त्याच्या तोंडातून वाफ यायची. भर दुपारी त्याच्या मिशीवर दव असायचं. कोंबड्या उन्हाच्या त्याच्या सावलीला येऊन बसायला लागल्या.

गावाला तर गंमतच झाली. शेजारची कोंडाबाई ताकाचा गडू घेऊन आली. दात पडलेली, तोंडाळ, पण मनानं वाईट नाही. म्हणाली, "हौसे, हा गडू तुझ्या नवऱ्याशेजारी ठेवते गं. गारेगार होईल."

"ठेवा की," नवरा म्हणाला. "पण ताकाचा वाटा मला पाहिजे."

सगळे हसले. त्या साली तोही हसायचा, बरं का. मग रोज कुणी ना कुणी गडू आणून ठेवायचं. हौसाही हसली दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिनं त्याचा हात धरला, तर तो माघातल्या विहिरीच्या कठड्यासारखा लागला. मग तिला हसू आलं नाही.

तिला कळलं होतं. ज्याचं ज्याचं नाव घेतलं ते हिरवं झालं. राहिला तो एकटा.

आणि मग तिला आणखी एक आठवलं. म्हातारी कधी कधी सांगायची, "तुझ्या सासऱ्याला थंडी बाधली गं. ऐन जेठात बाधली. आखडत आखडत गेला. वैद्याला काही कळलं नाही." सासऱ्याची आई गेल्यावर दोन-तीन सालांतच तो गेला होता. तेव्हा त्याचं नाव घेणारं घरात कोण होतं? कुणीच नाही. म्हातारी जन्मभर रडली, पण कशानं गेला ते तिला कळलंच नाही. हौसाला कळलं, आणि ती गोठ्यात जाऊन ठमीच्या गळ्याला मिठी मारून बसली.

पण आता कळून काय? पाव्हणा वर्षातून एकदाच येतो.

मग पावसाळा गेला, थंडी आली. त्याचं गाणं बंद झालं. आधी गाण्यातले शब्द गेले, मग नुसतं गुणगुणणं राहिलं, मग तेही राहिलं नाही. मैनी सूप घेऊन त्याच्या मांडीवर चढायला जायची आणि "गार! गार!" करत उतरायची. नंतर नंतर चढायचीच नाही.

दुसरा फाल्गुन सरत आला. हौसानं ठरवलं, यंदा नाव जायलाच पाहिजे. आपण नाही, तर दुसऱ्या कुणी घ्यावं. मैनी आता बोलायला लागली होती. पण मैनीला नाव शिकवायचं म्हणजे ते आधी हौसानं उच्चारायला नको का? आणि मैनी आपली बाबा म्हणणार. बाबा तर घरोघरी असतात.

मग ती कोंडाबाईकडं गेली. "कोंडाकाकू, एवढं काम करा. माझी नावं झाली की तुम्ही पंजा टेका आणि ह्यांचं नाव घ्या."

"घेते की," कोंडाबाई म्हणाली. "माझ्यापुढं लंगोटीत हिंडलाय तो. त्याचं नाव घ्यायला मला कसली चोरी? पण तू घेऊ नकोस हं. कुंकवाला जप."

मग राख झाली, पळसाचं पाणी झालं. पाव्हणा आला. हौसानं पंजा टेकून मैनी म्हटलं, ठमी म्हटलं, दोन्ही करडांची नावं घेतली, लिंबू म्हटलं. मग पंजा उचलला आणि तिथं कोंडाबाईनं आपला टेकला. कोंडाबाईनं नाव घेतलं. चांगलं मोठ्यानं घेतलं.

पाव्हण्यानं पंजा चाचपला. "हा हात ह्या घरचा नाही," तो म्हणाला. "बाई, तुमचं घर राहिलं वाटतं? चला, चला." आणि पाटी उचलून तो कोंडाबाईच्या घराकडं चालायला लागला. कोंडाबाई मागं मागं. "अरे, तसं नव्हे रे बाबा! अरे, थांब!" पण पंजा तिचा होता, वाटाही तिचाच झाला. तिच्या घरी तिच्या नव्वदीच्या सासूनं सकाळीच एकदा बोलावलं होतं त्याला, आता दुसऱ्यांदा गेला. त्यामुळं काय झालं, तिच्या अंगणातल्या आंब्याला त्या साली दोनदा आंबे लागले. तिच्या केसांत काळं आलं. आणि चैत्राच्या मध्यावर कोंडाबाईला नवा दात आला!

हसा, हसा. गावही हसलं. लांबलांबून बाया तिचा दात बघायला आल्या.

आणि इकडं हौसाचा नवरा बोलायचा थांबला. हाक मारली की मान हलवायचा, एवढंच. कामट्या हातात घ्यायचा, पण बोटं वळायची नाहीत. अर्धं विणलेलं सूप मांडीवर घेऊन दिवसभर दारात बसायचा. हौसा स्वतः विणायला शिकली. बोटं कापून घेतली, पण शिकली. बाजारात टोपल्या ती नेऊ लागली. एकदा कोंडाबाई ताकाचा गडू घेऊन आली, सवयीनं. दारात उभी राहिली. त्याच्याकडं बघितलं आणि गडू पदराखाली झाकून तशीच परत गेली. त्यानंतर कुणीच गडू आणला नाही.

मग तिसरा फाल्गुन लागला, तसा त्याचा श्वासही हळू झाला. हौसानं मैनीला कोंडाबाईकडं ठेवलं आणि माहेरी आईकडं गेली. दुसरं कोण होतं तिला विचारायला?

आई अंगणात चिंचा फोडत बसली होती. म्हातारी झाली होती फार. हौसानं सगळं सांगितलं. आई चिंचा फोडतच राहिली.

"आये, नाव नाही घेतलं तर ते गोठून जातील," हौसा म्हणाली. "आणि घेतलं तर… बाबांचं काय झालं ते तू बघितलंस. मी काय करू?"

आईच्या हातातला दगड थांबला.

"अगं," ती म्हणाली, "तो पाण्यात पाय घालताना मला दिसला होता. पाणी पोटऱ्यांपर्यंतसुद्धा नव्हतं. नाव माझ्या ओठावर आलं होतं. पण काठावर सासरा होता, दीर होते. लाजले मी. नुसतं अहो, अहो करत राहिले. पाण्याच्या आवाजात अहो कुणाला ऐकू जातंय? पार छातीएवढं पाणी झालं, तवा नाव घेतलं. तवा त्यानं वळून बघितलं गं. माझ्याकडंच बघितलं. पण तोवर उशीर झाला होता."

"मग सगळे म्हणतात ते…"

"नावानं नाही गेला तो. नाव उशिरा घेतलं म्हणून गेला."

हौसा म्हणाली, "एवढ्या वर्षांत मला सांगितलं का नाहीस गं?"

आईनं चिंचेची टरफलं गोळा केली. "नाव घेतलं म्हणून गेला, हे सोसवायचं," ती म्हणाली. "ती चूक सगळ्या गावाची होती. दुसरी चूक, उशिराची, माझी एकटीची होती."

मग ती म्हणाली, "जा. कोकिळा ओरडेल आता." आणि लेक वळणावर गेल्यावर मागून हाक आली, "हौसा, जपून जा!" हौसानं वळून बघितलं. इतक्या वर्षांत आईच्या तोंडून आपलं नाव तिनं पहिल्यांदा ऐकलं. पण थांबायला वेळ नव्हता.

ती मैनीला घेऊन घरी पोचली, आणि त्याच दिवशी कोकिळा ओरडली.

मग दुसऱ्या दिवशी उजाडताना राख, पळसाचं पाणी, हळद. नवरा दाराच्या आत भिंतीला टेकलेला. बांबूची मोळी ठेवावी तसा. मैनी अंथरुणात उठून बसली होती. दारात ऊब आली, मोहराचा वास आला.

"कोण कोण आहे घरात?"

"मैनी."

"दिलं. पुढं?"

"ठमी. लिंबू." एवढंच म्हणाली ती. करडं विसरली, सूप विसरली.

"दिलं. पुढं?"

हौसानं तोंड उघडलं. नाव घशाशी आलं आणि तिथंच बसलं. काय सांगू तुम्हाला! खरं काय ते कळलं तरी जीभ लगेच ऐकत नसते. लहानपणापासून अडवलेली जीभ ती. "आणि… आणि…"

"झालं का बाई?"

ती ‘नाही’ म्हणायला गेली, पण ते तिच्या घशातच राहिलं. मऊ हात तिच्या पंजावरून उठले. पाटी उचलल्याचा आवाज आला. ऊब दारातून सरकली, अंगणातून सरकली, लिंबापाशी गेली, वाटेला लागली. पंजा उचलून मागं पळावं तर चेटूक मोडतं. आणि न पळावं तर पाव्हणा जातोय. नुसतं पुटपुटून आता भागणार नव्हतं. तो लांब गेला होता. हळू घ्यायची वेळ निघून गेली होती.

वाटेपलीकडं विहिरीवर गडीमाणसं पाणी शेंदत होती. बाया उंबरे घासत होत्या. हौसानं पंजा दाबून धरला, मान वर केली आणि छाती फुटेल अशी हाक मारली,

"सुभाना!"

विहिरीवरचा रहाट थांबला. बाया उंबऱ्यावरून उठल्या. कुणीतरी कानावर हात ठेवला.

"सुभाना! माझा नवरा सुभाना! या घरात आहे तो!"

आणि वाटेवरची ऊब थांबली. वळली. पळत आली, बरं का. आंधळा पाव्हणा लिंबाला धडकला, अंगणभर फुलं सांडली, धडपडत दारात आला.

"हा होय!" तो म्हणाला. "बाई, दोन सालं मला या घरात कुणाचा तरी गार श्वास ऐकू येतोय. कुणाचा ते कळेना. मी विचारणार तरी कुणाला?"

"देताय ना त्याला?" हौसा रडत म्हणाली.

"दिलं. दोन्ही हातांनी दिलं."

"आणि मागचं? मागच्या दोन सालांचं राहिलंय त्याचं."

पाव्हण्यानं पाटी खाली ठेवली. मग त्यानं तिचा मोकळा हात धरून पाटीत घातला. तिला कोवळी पानं लागली, कळ्या लागल्या. पाटीच्या तळापर्यंत सगळं ताजं होतं.

"माझ्या पाटीत यंदाचंच असतं गं," तो म्हणाला. "मागचं मी कुठं ठेवू?"

आणि तो गेला.

हौसानं पंजा उचलला आणि मागं बघितलं. सुभानाच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं. कपाळावरून, बोटांवरून, सगळीकडून पाणी. मग गालांवर रंग आला. त्यानं डोळे चोळले, आणि मघाच्या हाकेला आता उत्तर दिलं.

"ओ," तो म्हणाला. "काय गं? केवढ्यानं ओरडतीस!"

हौसा हसली आणि रडली, दोन्ही एकदम.

मग सुभानानं इकडंतिकडं बघितलं. भिंतीच्या खाली खाली बघितलं. "मैनी कुठं आहे?" तो म्हणाला. "भिंत धरून इकडंच येत होती ना?"

मैनी तर समोरच उभी होती. दोन वेण्या घातलेली, अंथरुणातून उठून आलेली. ती या माणसाकडं बघत होती. याच्या मांडीवर बसू नये, गार लागतं, एवढंच तिला माहीत होतं. सुभानानं हात पुढं केले. मैनी आईच्या मागं लपली.

गार पडल्यापासूनचं त्याला काहीच आठवत नव्हतं. तेव्हा त्याला कळलं, किती दिवस गेले ते. हौसाला म्हणाला असता, तू लवकर का नाही घेतलंस? पण नाही म्हणाला. कधीच नाही म्हणाला. आणि हौसाला तेच जास्त लागायचं. तिनं त्याला सगळं सांगितलं, मैनीचं पहिलं बोलणं, फुटलेला गुडघा, तापात काढलेले ते आठ दिवस. तो कान देऊन ऐकायचा. पण ऐकणं निराळं आणि असणं निराळं, नाही का रे?

मैनी त्याच्याजवळ आली ती कैऱ्या उतरल्यावर. आधी एक बोट लावून बघितलं. ऊनऊन लागलं. मग अख्खा हात लावला. मग बसली मांडीवर. पण आता तिचे पाय खाली जमिनीला टेकायचे.

सुभाना पुन्हा सुपं विणायला लागला. हौसाही त्याच्या शेजारी बसून विणायची, तिची वीण त्याच्याहून बारीक झाली होती. गाणंही आलं परत. आणि हौसाला एक नवीनच सवय लागली. चुलीपाशी बसल्या बसल्या, विहिरीवरून येता येता, उगाचच हाक मारायची.

"सुभाना!"

"ओ! काय गं?"

"काही नाही."

दिवसातून कितीदा तरी. गावाला आधी विचित्र वाटलं. विहिरीवरच्या बाया म्हणाल्या, "लाज कुठं टांगून ठेवली हिनं?" सगळे वाट बघत होते, सुभानाला काही होतंय का. पण पाऊस झाला, सुगी झाली, दिवाळी झाली, सुभाना टुणटुणीत. मग एकदा कोंडाबाई आपल्या परसात रांजणात तोंड घालून काहीतरी पुटपुटताना हौसाला दिसली.

"काय करताय, कोंडाकाकू?"

"गप गं," कोंडाबाई नव्या दातानं हसली. "आमच्या म्हाताऱ्याचं नाव घेऊन बघतेय. रांजणात घेतलं तर बाधत नसेल म्हटलं."

"आणि?"

"आतून परत आलं की! मीच दचकले."

पुढच्या फाल्गुनात ज्या ज्या घरांत म्हातारी सासू राहिली नव्हती, त्या त्या उंबऱ्यांवर बायांनी नावं घेतली. कुणी हळू घेतलं, कुणी पदरात तोंड घालून घेतलं. पण घेतलं. पाव्हण्याला सगळी ऐकू आली.

तर अशी ती हौसा, तो सुभाना आणि मैनी बांबूच्या बेटाखाली सुखानं राहिले. खाऊन पिऊन राहिले, हसून खेळून राहिले. कधी कधी दुपारी हौसा हातातलं सूप थांबवून मैनीकडं बघायची, मग त्याच्याकडं बघायची, आणि तिचे डोळे भरून यायचे. सुभानाला कारण ठाऊक असायचं. मग तोच तिला हाक मारायचा. ती ओ द्यायची. तो म्हणायचा, काही नाही.

झोपला का रे? हा झोपला, ती झोपली. तू जागी आहेस होय? मीट डोळे. मी तुम्हा सगळ्यांची नावं एकेक करून घेतो. आपलं नाव आलं की ओ देऊ नका. नुसतं झोपेत जा.